मराठी लेखाचा मेटाडेटा कसा करायचा: टायटल, डिस्क्रिप्शन आणि शेअर केल्यावर दिसणारा फोटो

कोकणातल्या भटकंतीवर आमची एक छोटी साइट आहे, चौघं मिळून लिहितो. कातळशिल्पांवरचा (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) पहिला लेख टाकला तेव्हा मी मोठ्या हौसेने लिंक फेसबुकवर टाकली आणि पाचव्या मिनिटाला खाली अण्णाकाकांची कमेंट, "बोअरवेल कोण मारतंय? फुटाचा रेट काय?" मला काही टोटल लागेना. मग मोबाइलवर उघडून बघितलं तर लिंकच्या वर भलामोठा फोटो होता बोअरवेलच्या गाडीचा, आणि शीर्षकाच्या जागी नुसतं "होम". झालं असं होतं की साइटच्या कडेला एका ओळखीच्यांची जाहिरात लावलेली, आणि शेअर करताना कुठला फोटो दाखवायचा हे मी कुठेच सांगितलं नव्हतं, मग फेसबुकने पानावर जे पहिलं सापडलं ते उचललं. व्हॉट्सॲपवर तर फोटोच नाही, नुसती निळी लांबलचक लिंक.

त्यानंतर दोनेक वर्षं हे सगळं चुकतमाकत शिकले. टायटल, डिस्क्रिप्शन, शेअरचा फोटो वगैरे माहिती, म्हणजेच मेटाडेटा, पानाच्या वरच्या अदृश्य भागात असते, वाचकाला दिसत नाही पण गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप, टेलिग्राम सगळे तीच आधी वाचतात. तुम्ही नाही सांगितलं तर ते अंदाज करतात. मराठी पानांवर तो अंदाज जरा जास्तच गंडतो कारण बरीचशी टूल्स इंग्रजी डोक्यात ठेवून बनवलेली असतात. इंग्रजीत यावर ढीगभर लेख आहेत पण देवनागरीत काय बिघडतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

एक आधीच सांगते, टॅगची (ही माहिती ज्या खुणांमध्ये लिहितात त्यांची) नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच ती रोमनमध्ये असतात.

बसायच्या आधी जवळ काय हवं

- लेखाचा शेवटचा, तपासून झालेला मजकूर, युनिकोडमध्ये (मोबाइलवर टाइप करतो ती, कुठेही तशीच दिसणारी देवनागरी)
- एक आडवा फोटो, निदान १२०० पिक्सेल रुंद, आणि तो वापरायची परवानगी (गूगलवरून उचललेला नको, प्लीज)
- साइटचा ॲडमिन लॉगिन. वर्डप्रेस असेल तर योस्ट किंवा रँक मॅथ यातलं एकच प्लगइन (साइटला वरून जोडायची सोय, मेटाडेटा भरायचे रकाने यात मिळतात)
- गूगल सर्च कन्सोलचं अकाउंट (आपली साइट गूगलवर किती दिसते ते यात कळतं), फुकट आहे, साइट जोडून ठेवा
- फेसबुकचं लॉगिन, तपासणीसाठी लागतं

युनिकोडवर जोर दिलाय त्याला कारण आहे. दिवाळी अंकांचं काम केलेले बरेच लेखक अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवतात. ते नुसतं पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. पानावर तोच फॉन्ट लावला तर लेख छान दिसतो सुद्धा, आणि इथेच माणूस फसतो, कारण गूगलच्या यादीत तुमचा फॉन्ट नसतो, तिथे टायटल म्हणून तो चिवडाच जातो. आधी युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, मग एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकलेली असतात.

१. लेख संपल्याशिवाय मेटाडेटाला हात लावू नका

मी आधी टायटल ठरवून मग लेख लिहायचे. मग लेख भलतीकडेच जायचा आणि टायटल तसंच राहायचं. आता लेख झाला की एका कागदावर एकच वाक्य लिहिते, हा लेख वाचून माणसाला काय मिळणार? कातळशिल्पांच्या लेखासाठी ते असं होतं, "रत्नागिरी-राजापूर भागातली चार कातळशिल्पं एका वीकेंडला कशी बघायची". हे वाक्य जमत नसेल तर गडबड मेटाडेटात नाहीये, लेखातच आहे.

२. लोक शोधताना काय टाइप करतात ते बघा

ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा (नाहीतर तुमच्याच जुन्या सवयी दिसतील), गूगलमध्ये विषय टाइप करायला लागा आणि खाली काय काय सुचवतंय ते उतरवून घ्या. हेच तीनदा करा. एकदा देवनागरीत बोली रूपाने, म्हणजे "कातळशिल्पं कशी बघायची", एकदा पुस्तकी रूपाने, "कातळशिल्पे", आणि एकदा रोमन लिपीत, कारण आपली निम्मी जनता मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवरच बडवते. काहीजण "खोदचित्रं" असंही शोधतात. हे सगळे शब्द टायटलमध्ये कोंबायचे नाहीत हं. जो शब्द सगळ्यात जास्त ठिकाणी सुचवला गेला तो टायटलला, बाकीचे लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत सहज बसतील तिथे.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, प्लगइनमधला तो "फोकस कीवर्ड" (लेखाचा मुख्य शब्द भरायचा रकाना) आणि त्याचे लाल-हिरवे दिवे. आपल्याकडे शब्दाची रूपं बदलतात, कातळशिल्प, कातळशिल्पांची, कातळशिल्पांजवळ, आणि प्लगइनला हा एकच शब्द आहे हे कळत नाही. मग तो म्हणतो कीवर्ड लेखात नाही, आणि नवखा माणूस दिवा हिरवा करायच्या नादात प्रत्येक वाक्यात "कातळशिल्प" घुसवत सुटतो, वाचणाऱ्याला वाटतं घोकंपट्टी चाललीय. दिव्याकडे दुर्लक्ष करा. तो दिवा प्लगइनचा आहे, गूगलचा नाही.

दुसरा खड्डा डोळ्याला दिसतच नाही. "ॲप" मधला ॲ दोन तऱ्हेने टाइप होतो, एक म्हणजे तयार अक्षर ॲ, आणि दुसरा म्हणजे अ वर नंतर दिलेला चंद्र. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. मोबाइलवर लिहिलेलं टायटल आणि लॅपटॉपवर लिहिलेला लेख यात असा फरक पडला की शोधूनही शब्द सापडत नाही. माझा एक पूर्ण रविवार यात गेलाय.

३. टायटल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सगळीकडे वाचाल की टायटल ५० ते ६० अक्षरांचं ठेवा. गूगलने असा काही आकडा ठरवून दिलेला नाही, ते स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे शेवट कापतं. आणि मराठीत "अक्षर" म्हणजे काय हाच घोळ आहे. आपण "स्ट्रॉबेरी" म्हणजे तीन अक्षरं मोजतो, स्ट्रॉ, बे, री. मशीन मोजतं दहा, कारण ते स, हलन्त, ट, हलन्त, र, मात्रा असं सुटं सुटं मोजतं. आमचं टायटल होतं:

रत्नागिरीची कातळशिल्पं: कुठे आहेत, कसं जायचं, कधी जावं

यात माणसाला दिसणारी अक्षरं २४, आणि मशीनच्या मोजणीने स्पेस वगैरे धरून ५४. म्हणजे प्लगइनचा काउंटर "खूप लांब" म्हणून ओरडला तरी प्रत्यक्ष रुंदी कमी असू शकते. माझा उपाय साधा आहे, प्लगइनमध्ये खाली जो गूगलसारखा प्रिव्ह्यू दिसतो तो मोबाइलवर ठेवून बघायचा, आणि महत्त्वाचा शब्द काही झालं तरी पहिल्या चार शब्दांत आणायचा. मग शेवट कापला गेला तरी फार बिघडत नाही.

साइटचं नाव शेवटी. ब्लॉगरच्या काही जुन्या थीममध्ये ते सुरुवातीला येतं, "अमुकतमुक ब्लॉग: लेखाचं नाव", आणि ब्लॉगचं नाव लांब असेल तर लेखाचं नाव दिसतच नाही. थीमच्या कोडमध्ये बदलता येतं, जमत नसेल तर सरळ नवी थीम लावा.

टायटल आणि पानावरचं मोठं शीर्षक एकच असायला हवं असं नाही पण एकमेकांच्या जवळचं हवं. ऑगस्ट २०२१ पासून गूगल तुमचं टायटल पटलं नाही तर पानावरचं शीर्षक किंवा दुसराच मजकूर उचलून दाखवतं. माझ्या बाबतीत हे व्हायचं जेव्हा पानावर काव्यात्म शीर्षक असायचं ("दगडात थांबलेला हत्ती") आणि टायटलमध्ये कोरडी माहिती. काव्यात्म शीर्षकाचा मोह सुटत नाही हे मला माहितीये, ते उपशीर्षकाला द्या.

आणि ते "विश्वास बसणार नाही", "पाहून थक्क व्हाल", "एकदा नक्की वाचा" हे नको. एक तर सगळ्यांनी लिहून लिहून त्याचा चोथा झालाय, आणि जागा खाऊन ते काहीच सांगत नाही.

४. डिस्क्रिप्शन

टायटलच्या खाली दोन ओळी दिसतात त्या. याने रँक (गूगलच्या यादीतला नंबर) वाढत नाही, गूगलने हे २००९ मध्येच सांगितलंय. त्याच सुमाराला त्यांनी हेही सांगितलं की मेटा कीवर्ड्सचा टॅग आम्ही रँकिंगला बघतच नाही. तरी आजही लोक त्या रकान्यात चाळीस शब्द स्वल्पविराम देऊन भरत बसतात, किंवा कोणीतरी एसईओवाला (साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणारा) त्याचे पैसे घेतो. तो रकाना रिकामा सोडा.

मग डिस्क्रिप्शन कशाला लिहायचं? कारण माणूस ते वाचून ठरवतो क्लिक करायचं की नाही, आणि हाच मजकूर बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरही फोटोखाली येतो. आमचं पहिलं डिस्क्रिप्शन असं होतं, "महाराष्ट्राला समृद्ध वारसा लाभलेला आहे. या लेखात आपण कातळशिल्पांबद्दल सविस्तर माहिती जाणून घेणार आहोत." शून्य माहिती. नंतर बदललं:

कशेळीचा १८ मीटरचा हत्ती, देवाचे गोठणे इथला कंपास भरकटवणारा कातळ, उक्षी आणि बारसू. रत्नागिरीहून गाडी, वाट, पाणी आणि योग्य महिने.

मशीनच्या मोजणीने सव्वाशेच्या आसपास. साधारण १५० पर्यंत चालतं, मोबाइलवर त्याहून कमी दिसतं म्हणून कामाचं आधी. बघा, यात विशेषण जवळजवळ नाहीच, नुसती गावं, आकडा आणि वाचकाचे प्रश्न.

गूगल बऱ्याचदा तुमचं डिस्क्रिप्शन बाजूला ठेवून लेखातलंच एखादं वाक्य दाखवतं, शोधणाऱ्याच्या शब्दाप्रमाणे. त्यात तुमचं काही चुकलं असं नाही. ब्लॉगरवाल्यांनी आधी सेटिंग्जमध्ये मेटा टॅग्जखाली सर्च डिस्क्रिप्शन चालू करायचं, तोपर्यंत पोस्ट लिहिताना उजवीकडे तो रकाना दिसतच नाही, मी तो शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. आणि हाताने कोड लिहिणाऱ्यांसाठी, मजकुरात सरळ दुहेरी अवतरणचिन्ह टाकू नका, टॅग तिथेच संपतो आणि अर्धं वाक्य गायब.

५. लिंक, म्हणजे पानाचा पत्ता

हे पब्लिश करायच्या आधीच करायचं, नंतर बदलणं म्हणजे डोकेदुखी.

वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की लिंकही मराठीत बनते. दिसायला छान. पण कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकली की प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हं होतात, टक्का, अंक, टक्का, अंक अशी रांग. शिवाय वर्डप्रेस लिंकच्या या भागाला २०० चिन्हांतच बसवतं, म्हणजे देवनागरी साधारण २२ चिन्हं, पुढचं कापून टाकतं. आमचा एक लेख होता "कशेळीचा हत्ती आणि देवाचे गोठणे: एका दिवसाची भटकंती". लिंक तयार झाली "कशेळीचा-हत्ती-आणि-देवाचे". देवाचे काय, ते वर्डप्रेसलाच माहीत!

ब्लॉगरमध्ये उलटा प्रकार, तिथे मराठी शीर्षकातून लिंक बनवताच येत नाही, मग सगळ्या पोस्टना "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे कसलासा आकडा. दहा वर्षं लिहिणाऱ्यांच्या शेकडो पोस्ट अशा एका नावाच्या असतात. उजवीकडे पर्मालिंकमध्ये कस्टम निवडून हाताने द्या.

माझं मत, लिंक रोमन अक्षरांत, तीन ते पाच शब्द, मध्ये आडवी रेघ, वर्ष नको. "कातळशिल्प-रत्नागिरी-प्रवास" एवढं रोमनमध्ये. गूगलला देवनागरी लिंक चालते, त्याची काही तक्रार नाही, मी हे फक्त शेअर करणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतेय. काहीजणांना हे मराठीशी गद्दारी वाटते, त्यांनी निदान लिंक दोन शब्दांची ठेवावी.

६. ओपन ग्राफचे टॅग

शेअर केल्यावर दिसणारं कार्ड यातून बनतं. फेसबुकने २०१० मध्ये आणलं आणि आता व्हॉट्सॲप, लिंक्डइन, टेलिग्राम सगळे तेच वाचतात. मूळ चार गोष्टी लागतात (ओजी म्हणजे ओपन ग्राफ), ओजी टायटल, ओजी टाइप (लेखासाठी आर्टिकल), ओजी इमेज आणि ओजी यूआरएल. पाचवं ओजी डिस्क्रिप्शन, ते सक्तीचं नाही पण द्याच. भाषेसाठी ओजी लोकॅल असतं, त्यात मराठी-भारत. वर्डप्रेसची भाषा मराठी ठेवली असेल तर प्लगइन ते बहुतेक स्वतःच भरतं, इंग्रजी ठेवली असेल तर तिथे अमेरिकन इंग्रजी लागलेलं सापडेल. त्याच सेटिंगमुळे पानाची भाषाही ठरते. गूगल भाषा मजकुरावरूनच ओळखतं पण अंध वाचकांचा स्क्रीन रीडर त्या खुणेवर चालतो. खूण हिंदीची असली की मराठी लेख हिंदी आवाजात वाचला जातो, एकदा ऐकून बघा, "च" आणि "ज" ची काय अवस्था होते ती.

एक्ससाठी (आधीचं ट्विटर) वेगळे टॅग आहेत, ट्विटर कार्ड म्हणून, २०१२ पासूनचे. त्यातला एकच द्यावा लागतो, कार्डचा प्रकार, मोठ्या फोटोचं कार्ड निवडा. बाकीचं ते ओपन ग्राफमधून घेतं.

शेअरचं टायटल गूगलच्या टायटलपेक्षा वेगळं ठेवता येतं, योस्ट आणि रँक मॅथ दोन्हीत सोशलचा वेगळा टॅब असतो. इथे थोडं मोकळं लिहा. गूगलवर माणूस काहीतरी शोधत आलेला असतो, ग्रुपवर तो गुड मॉर्निंगच्या फुलांमधून वाट काढत आलेला असतो. तिथे आम्ही "दगडात थांबलेला हत्ती" चालवतो.

सापळे दोन. दोन प्लगइन एकाच वेळी चालू ठेवू नका, किंवा थीम स्वतःच टॅग टाकत असेल आणि वरून प्लगइनही टाकत असेल, तर पानावर दोन दोन टायटल होतात आणि कोण कुठलं उचलेल सांगता येत नाही. पानाचा सोर्स उघडून ओजी शोधा, प्रत्येक टॅग एकदाच दिसला पाहिजे (इमेज सोडून, ती एकाहून जास्त चालते). दुसरं, साइट रिॲक्टसारख्या गोष्टीत बनवली असेल आणि हे टॅग जावास्क्रिप्टने नंतर भरले जात असतील तर फेसबुक-व्हॉट्सॲपला ते दिसत नाहीत, त्यांचे बॉट (पान वाचायला येणारे प्रोग्राम) जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. टॅग सर्व्हरकडूनच आले पाहिजेत. डेव्हलपर म्हणेल "माझ्या ब्राउझरमध्ये तर दिसतायत", त्याला इन्स्पेक्ट नको, व्ह्यू सोर्स करून दाखव म्हणा.

७. फोटो

माप १२०० बाय ६३०. जेपीजी. मी ३०० केबीच्या वर जाऊ देत नाही, कारण जड फोटो फेसबुक घेतं पण व्हॉट्सॲप गपचूप सोडून देतं आणि काही कारणही सांगत नाही. फोटोचा पत्ता पूर्ण हवा, एचटीटीपीएसपासून, नुसतं फोल्डरचं नाव दिलं तर चालत नाही. रुंदी आणि उंचीचे टॅगही भरा, म्हणजे पहिल्यांदा शेअर करणाऱ्यालाही फोटो दिसतो.

व्हॉट्सॲप कधी मोठं कार्ड दाखवतं, कधी बाजूला छोटा चौकोन, आणि चौकोनात फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. म्हणून मुख्य गोष्ट मध्यभागी. आमचा हत्ती फोटोच्या डावीकडे होता, चौकोनात नुसता जांभा दगड आणि वाळकं गवत उरलं.

आता फोटोवर मराठी अक्षरं टाकण्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त हसं होतं. जुन्या पद्धतीने सेट केलेल्या फोटोशॉपमध्ये "किल्ला" लिहिलं की वेलांटी पळते आणि जोडाक्षरं फुटतात. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट (जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन) निवडा, मग नवी फाइल उघडा. ज्यांच्या साइटवर असे फोटो कोडने आपोआप बनतात त्यांनी जास्त जपा. पीएचपीची जीडी लायब्ररी देवनागरी नीट जुळवत नाही, पायथनच्या पिलोला सोबत राक्म नावाची लायब्ररी असावी लागते, नाहीतर हाच तमाशा. तपासायला मी एक शब्द ठेवलाय, "निर्मिती". यात पहिली वेलांटी, रफार आणि लगेच दुसरी वेलांटी, सगळं एकत्र आहे. हा नीट उमटला तर बहुतेक सगळं नीट उमटतं. एकदा "दऱ्या" पण बघा.

मोठ्यात मोठे चार-पाच शब्द, त्याहून जास्त नको, मोबाइलवर मुंग्या दिसतात.

गूगल डिस्कव्हरमध्ये (मोबाइलवर न शोधताच लेख सुचवणारी गूगलची यादी) यायची इच्छा असेल तर लेखातला फोटो १२०० पिक्सेल रुंद हवा आणि मोठा प्रिव्ह्यू दाखवायची परवानगी देणारा टॅग हवा. वर्डप्रेस ५.७ पासून तो आपोआप लागतो.

८. तारीख, लेखक, स्कीमा

स्कीमा म्हणजे लेखाची माहिती मशीनला समजेल अशा साच्यात. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून हा साचा ठरवला. प्लगइन ते स्वतः करतं, तुम्ही फक्त लेखकाचं नाव "ॲडमिन" राहिलेलं नाही ना एवढं बघा. ब्लॉगसाठी ब्लॉगपोस्टिंग, बातमीसाठी न्यूजआर्टिकल. रिच रिझल्ट्स टेस्ट नावाचं गूगलचं फुकट पान आहे, त्यात लिंक टाकून लाल काही येत नाही ना बघायचं आणि पुढे जायचं.

वेळ मात्र तपासा. नवीन वर्डप्रेसमध्ये टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. आम्ही दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे पाचला लेख टाकला, अभ्यंगस्नान वगैरेच्या मूडमध्ये, आणि त्यावर तारीख पडली आदल्या दिवसाची, कारण यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. सेटिंग्ज, जनरल, टाइमझोन, कोलकाता. एकदाच करायचं.

९. चॅटबॉटकडून करून घ्यायचं असेल तर

करा, मीही करते, जुने दीडशे लेख हाताने कोण करणार. आपोआप बनवलेल्या डिस्क्रिप्शनला गूगलचा विरोध नाही, मोठ्या साइटसाठी तर ते स्वतःच सुचवतात, फक्त प्रत्येक पानाचं वेगळं आणि वाचण्यासारखं हवं. पण पूर्ण लेख पेस्ट करा. नुसतं शीर्षक दिलं की तो मनाने भरतो. माझी सूचना साधारण अशी असते:

"खाली लेख आहे. टायटलचे पाच पर्याय दे, मुख्य शब्द पहिल्या चार शब्दांत. डिस्क्रिप्शनचे तीन पर्याय दे, प्रत्येकात लेखातलं निदान एक गाव आणि एक आकडा. लेखात नाही अशी एकही गोष्ट लिहू नको. बोली मराठी, हिंदी वळण नको. रहस्यमय, अद्भुत, जाणून घ्या, चला तर मग, हे शब्द नकोत."

तरी वाचूनच घ्या. मला एकदा डिस्क्रिप्शन मिळालं "युनेस्को जागतिक वारसा स्थळ असलेली कातळशिल्पे". वाचायला एकदम भारी. पण कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, संभाव्य यादी आणि वारसा स्थळ यात मोठं अंतर आहे. लेखात मी बरोबर लिहिलं होतं, बॉटने लांबी कमी करताना "संभाव्य" तेवढा गाळला. असे गाळलेले शब्दच शोधायचे, "सुमारे", "बहुधा", "प्रस्तावित", "काही". अक्षरांची मोजणीही त्याच्यावर सोडू नका, "१४० अक्षरांत" म्हटलं तर तो बिनधास्त दोनशे देतो आणि वर खाली "१३८ अक्षरं" असं लिहितो.

आणि "इस", "जानकारी" नसलं तरी हिंदी वळण वेगळ्या वाटेने येतं, "के बारे में" चं "च्या बद्दल मध्ये" वगैरे. मोठ्याने वाचलं की लगेच कळतं.

१०. लिंक पाठवण्याआधी

फेसबुकचं शेअरिंग डीबगर उघडा, लिंक टाका. जुना फोटो दिसत असेल तर स्क्रेप अगेन दाबा, कधी दोनदा दाबावं लागतं. लिंक्डइनचं पोस्ट इन्स्पेक्टर आहे, टेलिग्रामवर वेबपेजबॉट नावाचा बॉट आहे, त्याला लिंक पाठवली की तो जुनं विसरून नवं उचलतो. डीबगर "पान मिळालं नाही" म्हणाला आणि तुम्हाला तर पान दिसतंय, तर होस्टिंगची किंवा क्लाउडफ्लेअरची सुरक्षा फेसबुकच्या बॉटला अडवत असेल, तिथे जाऊन त्याला वाट द्या.

व्हॉट्सॲपसाठी असं वेगळं पान नाही. स्वतःलाच मेसेज करायची सोय आहे ती वापरा. एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपचं कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर बनतं. लिंक पेस्ट केल्याकेल्या पाठवलीत, कार्ड वर यायच्या आत, तर समोरच्याला नुसती लिंक जाते. दोन सेकंद थांबा, फोटो आला की पाठवा, हे आमच्या घरच्या ग्रुपला शिकवायला मला वर्ष लागलं. चुकीचं कार्ड एकदा गेलं की तुम्ही साइटवर काहीही बदला, त्या मेसेजमध्ये तेच राहणार. तो डिलीट करून पुन्हा पाठवा, आणि फोन जुनंच दाखवत असेल तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, कुठलंही इंग्रजी अक्षर, बरोबरचं चिन्ह (=) आणि एक आकडा जोडून बघा, फोनला ती नवी लिंक वाटते.

११. महिन्याभराने

सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडून त्या लेखाची इम्प्रेशन्स (किती वेळा दिसला) आणि क्लिक बघा. लेख बऱ्याच वेळा दिसतोय आणि कोणी दाबत नाहीये, तर टायटल आणि डिस्क्रिप्शन बदला, दोन्ही एकदम नको, आधी टायटल, तीन-चार आठवडे थांबून मग दुसरं. खाली क्वेरींची (लोकांनी शोधताना टाइप केलेल्या शब्दांची) यादी असते ती नक्की वाचा, आम्हाला तिथेच कळलं की लोक "कातळशिल्पं पावसाळ्यात बघता येतात का" हे विचारतायत, आणि लेखात त्याचं उत्तर (गवत माजतं, जांभा शेवाळून निसरडा होतो, ऑक्टोबरनंतर जा) अगदी तळाला पडलं होतं. ते वर आणलं.

लिंक मात्र बदलू नका. बदलायचीच असेल तर जुन्या लिंकवरून नवीकडे ३०१ रीडायरेक्ट लावा, वर्डप्रेसमध्ये रीडायरेक्शनचं प्लगइन आहे, आणि लावल्यावर जुनी लिंक स्वतः एकदा मोबाइलवर उघडून बघा, कॅशेमुळे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीमुळे) लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं.